पहिल्या रांगेतली खुर्ची

पत्र लांब आहे. त्यातलं छापायला हरकत नाही एवढंच देते.

'ताई, सलाम. माझं वय २९. आम्ही मराठवाड्यात राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की मम्मी कोण ते लगेच कळेल. मम्मी सुवार्तिक आहे, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक. मी सहावीत असताना आमच्या पुढच्या खोलीत बारा बायका प्रार्थनेला जमायच्या. आता संजीवन सभेला मैदान लागतं आणि शुक्रवारची उपवास प्रार्थना यूट्यूबवर लाइव्ह जाते. पप्पा बँकेतून लवकर निवृत्त झाले, हिशेब आणि साउंड सिस्टीम तेच बघतात. मम्मीच्या साक्षीत मी लहानपणापासून आहे. चार वर्षांची असताना न्यूमोनियानं मी जवळजवळ गेलेच होते आणि प्रार्थनेनं उठले, हे निदान तीनशे वेळा ऐकलंय. त्याचं कधी काही वाटलं नाही. लग्नही एका सेवकाच्याच घरात झालं, ठरलं तेव्हा स्टेजवरून जाहीर झालं. आता आठ महिने मी माहेरी आहे. मे महिन्यात मम्मीनं लाइव्हमध्ये डोळे मिटून सांगितलं, "माझ्या लेकीच्या संसारावर सैतानानं हल्ला केलाय, मंडळीनं तिच्यासाठी उपवास धरावा." दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. ज्यांना मी ओळखतही नाही अशा बायका मला सांगतात, नवऱ्याच्या अधीन राहा. एकीनं तर मी काम करते त्या लॅबमध्ये रक्त द्यायला दंड पुढे केला आणि तेच सांगितलं. डिसेंबरात तीन दिवसांच्या सभा आहेत. मम्मीचं म्हणणं, तिन्ही दिवस मी आणि तिचे जावई पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसावं, म्हणजे लोकांना अडखळण होणार नाही. मी नाही म्हटलं तर म्हणाली, पंडिता रमाबाईंच्या मनोरमाकडे बघ, एकुलती एक लेक, आयुष्यभर आईच्या सेवेत पाठीशी उभी राहिली, तुला तीन दिवस जमत नाही? मला नाशिकच्या एका लॅबमध्ये नोकरी मिळतेय. माझ्यामुळे मम्मीची सेवा मोडावी असं मला वाटत नाही. पण त्या खुर्चीत मी बसू शकत नाही. मम्मीला हे सांगू कसं? मी कृतघ्न आहे का?'

माहेरी का आलीस ते तू लिहिलं आहेस. मी वाचलं, इथे देत नाही.

सलाम.

कृतघ्न हा शब्द आधी खोड, मग पुढे बोलू. तीन दिवस नवऱ्याशेजारी बसून दाखवायला नकार देणारी मुलगी कृतघ्न असेल तर आमच्या घराण्यातल्या निम्म्या मुली त्यात निघतील, आणि उरलेल्या निम्म्यांनी नकार द्यायला हवा होता.

लॅबमधल्या त्या बाईंचं वाचून मी आधी हसले. सुई तुझ्या हातात, दंड त्यांचा, आणि उपदेशही त्यांचाच. मग वाटलं, त्यांना तरी काय बोल लावायचा? शुक्रवारी तुझ्यासाठी उपवास धरायला सांगितलं, त्यांनी धरला. जिच्यासाठी आपण दिवसभर उपाशी राहिलो तिच्या संसारात आपलाही थोडा वाटा आहे असं कुणालाही वाटणारच. तो वाटा त्यांना वाटून दिला कुणी, हा खरा प्रश्न.

आता मी तुझ्या मम्मीची बाजू थोडी घेणार आहे, तेवढं सहन कर. पुरुष सुवार्तिक गावोगाव फिरतो तेव्हा घरी डबा कोण करतं, मुलांची फी कुणी भरली, असं कुणी विचारत नाही. त्याला बायको असते. बाई उभी राहिली की पहिल्या दिवसापासून लोक तिचं स्वयंपाकघर तपासायला येतात. नवऱ्याला विचारलंय का? पोरांकडे कोण बघतं? आणि पौलानं तीमथ्याला लिहिलेलं ते वचन तर खिशातच असतं, ज्याला स्वतःच्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ काय करणार. तिथे लिहिलंय 'तो', पण सुनावलं जातं जास्त करून बाईला. बारा बायकांपासून मैदानापर्यंत येताना तुझ्या मम्मीनं हे किती वेळा गिळलं असेल! पहिल्या रांगेतल्या त्या दोन खुर्च्या तिनं या लोकांसाठी मांडल्या आहेत. तुझा विचार त्यात फारसा नाहीच. ती घाबरली आहे, आणि घाबरलेली आई ज्या ज्या गोष्टी करते त्यातली ही एक.

हे तुझ्या लक्षात असू दे, म्हणजे बोलताना आवाज चढणार नाही. बसायचं मात्र नाही.

तर मनोरमा. मम्मीनं नाव काढलंच आहे तर नीट काढू या.

रमाबाईंचं सगळं सांगत बसत नाही, तुमच्या घरात त्यांचा फोटो भिंतीवर असेल. लेकीपुरतं सांगते. मनोरमा जन्मली एप्रिल १८८१ मध्ये. वडील बिपिनबिहारी दास मेधावी, बंगाली वकील. रमाबाईंनी जात ओलांडून, भटजीशिवाय, सरकारी नोंदणीनं लग्न केलेलं, म्हणजे पोर जन्माला यायच्या आधीच घर लोकांच्या तोंडी. फेब्रुवारी १८८२ मध्ये वडील कॉलऱ्यानं गेले तेव्हा ती दहा महिन्यांचीही नव्हती. त्याच वर्षी आई तिला घेऊन पुण्याला आली. संस्कृतात सभा गाजवणारी चोविशीतली विधवा बघायला पुणं लोटलं, आणि ही तान्हीही त्या बघण्यात सापडली. १८८३ मध्ये दोघी इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबरला वाँटेजला दोघींचा बाप्तिस्मा झाला. मनो तेव्हा अडीच वर्षांची. अडीच वर्षांच्या मुलाला कुणी काही विचारत नाही, पण बातमी दोघींची झाली.

यापुढचं मम्मीला वाचून दाखव.

रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या आणि लेक वाँटेजच्या भगिनींकडे, म्हणजे तिथल्या मठातल्या नन्सकडे राहिली. त्यातल्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्मातल्या वडीलधाऱ्या. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. याच आजीबाईंशी त्यांचं जे वाजलं त्याचं एक मोठं कारण मनो. तिला कुणी काय शिकवायचं, तिनं कुठे आणि कुणाची होऊन वाढायचं? जी मतं स्वतः रमाबाईंना पटलेली नव्हती ती आपल्या लहान मुलीच्या तोंडी परस्पर घातली जाऊ नयेत, असं त्यांनी ठणकावून कळवलं. लेकीनं आपल्या देशातल्या माणसांत, त्यांच्यातलीच एक होऊन वाढावं, त्यांच्याकडे वरून बघणारी परकी होऊ नये, हेही. ही पत्रं छापलेली आहेत, ग्रंथालयात मिळतात. विचार कर, ही बाई त्यांच्याच छपराखाली येऊन राहिलेली, शिक्षण त्यांच्याच आधारावर चाललेलं, बहिरेपणामुळे डॉक्टर व्हायचं स्वप्न नुकतंच सुटलेलं, आणि तरी लिहिते की लेकीच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमचा नाही. आदर सोडत नाही, मागेही सरत नाही. पत्राच्या सुरुवातीला 'आजीबाई' असतंच. मम्मीला कसं सांगू असं विचारलंस ना? नमुना हा घे. मम्मीच्याच भिंतीवरच्या बाईकडून.

पण तेवढ्यावरून मी रमाबाईंना आई म्हणून पैकीच्या पैकी गुण देत नाही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथून पुढे अडीच-पावणेतीन वर्षं अमेरिकाभर व्याख्यानं देत, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करत फिरल्या. त्यातला बराच काळ मनो समुद्रापलीकडे, वाँटेजला. पाच, सहा, सात अशी ती वर्षं. दात पडायचं वय. पडलेला दात मुठीत धरून मूल कुणाकडे धावतं? तिथे भगिनी होत्या, प्रेमळही असतील. आई नव्हती. आणि ती तशी फिरली नसती तर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं नसतं, तिथे शिकलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या नसत्या. मला यातली एकही ओळ खोडता येत नाही. तुझ्या घरातही बारा बायकांच्या मैदानभर झाल्या त्या काळात तुझं काहीतरी राहून गेलं असणार. न्यूमोनिया तीनशे वेळा ऐकल्याचं लिहिलंस, पण मम्मीबरोबर कधी कुठे गेल्याचं पत्रात एकदाही नाही.

मग येतं १८९३. सदन तोवर पुण्यात आलेलं. तिथे हिंदू मुलींना धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. गवगवा झाला, केसरीनं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. मी कुणाला बोलावत नाही, आणि माझ्या खोलीचं दार लावूनही घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका. म्हणजे बघ, एक आई आणि तिची बारा वर्षांची मुलगी खोलीत बसून प्रार्थना करतात आणि त्यावर सगळं पुणं पेटतं. त्या पोरीला घरात कोपरा म्हणून उरला नव्हता. तरीही रमाबाईंनी उघडं ठेवलं ते स्वतःच्या खोलीचं दार. तुझ्या मम्मीनं मे महिन्यात उघडलं ते तुझ्या खोलीचं.

मला यात दिसतो तो फरक एवढाच. बाकी दोघींत साम्यच जास्त आहे, आणि ते मम्मीला सांगितलंस तर तिला आवडेलही.

आता 'आयुष्यभर पाठीशी उभी राहिली' याबद्दल. अर्धं खरं आहे. मनोरमा पुढे अमेरिकेत शिकली आणि १९०० मध्ये पुण्याजवळच्या केडगावला, आईच्या मुक्ती मिशनमध्ये आली. दुष्काळातून आणलेल्या मुली-बायकांनी ते भरलेलं, दोन हजारांच्या आसपास माणसं. 'आई' म्हणून हाक मारणाऱ्या इतक्या, की सख्ख्या लेकीच्या हाकेला वेगळा आवाज कुठून असणार! तिनं आईच्या शेजारी नुसतं बसून राहायचं काम केलं नाही. अंध मुलींना ब्रेल शिकवायला घेतलं, शारदा सदनाची शाळा सांभाळली, मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. आणि गुलबर्ग्याला आईनं काढलेल्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. गुलबर्गा म्हणजे केडगावहून रेल्वेनं सोलापूर ओलांडून पुढे, निजामाच्या मुलखात. तुझं नाशिक हे तिच्या गुलबर्ग्यासारखंच. मम्मीला उदाहरण मनोरमेचंच हवं असेल तर पूर्ण घ्यावं.

पूर्ण घ्यायचं तर शेवटही घ्यावा लागतो. मनोरमेनं लग्न केलं नाही. आईनंतर सगळं तिनं बघायचं असं धरून चाललेलं होतं. २४ जुलै १९२१ ला ती मिरजेला वारली, चाळिसाव्या वर्षी. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराच्या अखेरच्या टप्प्यात होत्या. त्या गेल्या ५ एप्रिल १९२२ ला. लेकीनंतर साडेआठ महिने. हे मम्मीला टोमणा म्हणून ऐकवू नकोस. आई असलेल्या बाईला ऐकवायची ही गोष्ट नव्हे. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आणखी एक घर दाखवते, अमेरिकेतलं. खुर्चीत बसवलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते तिथे दिसतं. एमी सेम्पल मॅक्फर्सन, कॅनडातल्या शेतकऱ्याची मुलगी. १९२३ मध्ये तिनं लॉस एंजलिसला ५,३०० माणसं बसतील एवढं अँजेलस टेंपल उघडलं आणि पुढच्या वर्षी स्वतःचं रेडिओ केंद्र. तुमच्या यूट्यूबची पणजीच म्हण. पहिला नवरा १९१० मध्ये हाँगकाँगला मिशनच्या कामावर असताना वारला आणि महिन्याभरानं रॉबर्टा जन्मली. दुसऱ्या संसारातून रॉल्फ झाला, संसार टिकला नाही. एमीची आई मिनी कारभार आणि पैसा सांभाळायची, तुझ्या पप्पांसारखा. मे १९२६ मध्ये एमी समुद्रावर पोहायला गेली आणि नाहीशी झाली. बुडाली असं समजून शोकसभाही झाली. पाच आठवड्यांनी ती मेक्सिकोच्या सीमेवर अवतरली, मला पळवून नेलं होतं म्हणाली. खरं काय यावर अमेरिका कित्येक महिने वर्तमानपत्रं फाडत होती, मी त्यात शिरत नाही. त्या वेळचा एक फोटो आहे, डग्लस नावाच्या गावातल्या दवाखान्यात एमी पलंगावर, आणि भोवती तिची आई, दोन्ही मुलं आणि चौकशीला आलेले सरकारी वकील. रॉबर्टा पंधरा वर्षांची. आई मेली असं महिनाभर धरून चाललेली मुलगी आईला भेटते, ती कॅमेऱ्यासमोर आणि सरकारी माणसांच्या देखत.

रॉबर्टानंच पुढे गादी चालवायची असं ठरलेलं होतं. १९३७ मध्ये तिनं आईच्या वकिलावर बदनामीचा दावा लावला आणि जिंकलाही. २,००० डॉलर मिळाले. आई-लेकीचं तुटलं ते जुळलंच नाही, मुलगी न्यूयॉर्कला निघून गेली. स्वतःच्या आईशी, मिनीशी, एमीचं १९२७ मध्येच फिसकटलं होतं. १९४४ मध्ये एमी गेल्यावर रॉल्फनं काम हाती घेतलं ते १९८८ पर्यंत चालवलं. सेवा उत्तम टिकली. जे स्वयंपाकघरात बोलायचं होतं ते मात्र त्या घरानं कोर्टात बोललं. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हा सगळा पसारा मांडला.

माझंही सांगते, कारण हे दुखणं फक्त ख्रिस्ती घरांतलं नव्हे. माझी आत्या कीर्तनकार होती. सातारा-वाईकडच्या देवळांतून चातुर्मासात तिची कीर्तनं व्हायची. नऊवारी, शेला, गळ्यात हार, आणि मागे झांजा घेऊन मी. मी दहावीला गणितात नापास झाले त्याच्या पुढच्या वर्षी एका कीर्तनात उत्तररंगाला ध्रुव होता. निष्ठेचा मुद्दा आला तशी आत्या म्हणाली, 'लांब कशाला, आमची भाचीच बघा! गणितात गटांगळ्या खाल्ल्या, पण नाम सोडलं नाही, ऑक्टोबरात पास!' टाळ्या पडल्या. मी झांज वाजवत राहिले. ताल कसा चुकला नाही याचं आजही नवल वाटतं. पास झाले ते गल्लीतल्या एका मास्तरांनी रोज पहाटे पाचला उठवून गणितं सोडवून घेतली म्हणून, पण मास्तर आख्यानात बसत नव्हते. प्रसादाच्या वेळी साखरफुटाणे हातावर घेता घेता प्रत्येक बाईनं माझ्या गणिताची चौकशी केली. रात्री आत्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होती तेव्हा मी रडत रडत तिला सांगितलं. तिनं गुळणी टाकली आणि खरोखर गोंधळून म्हणाली, 'अगं, पण किती रंगलं होतं ते!'

तिला मला दुखवायचं नव्हतं. समोर माणसं बसली की तिला घरातलं आणि बाहेरचं असा भेदच दिसेनासा व्हायचा. हाताला लागेल ते लाकूड चुलीत. पुढच्या कीर्तनापासून 'भाची'ची 'आमच्या शेजारची एक मुलगी' झाली. आमच्या शेजारी एक पडकी विहीर सोडली तर काही नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक. तरी मला तेवढं पुरलं. तुझ्या मम्मीकडूनही पहिल्या फटक्यात यापेक्षा जास्त मिळेल अशी आशा धरू नकोस.

आता करायचं काय.

आधी पप्पांना एकट्याला गाठ. घरातला सगळ्यात गप्प माणूस, पण चॅनेलचा पासवर्ड त्यांच्याकडे आहे. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारचा अख्खा व्हिडिओ काढायची गरज नाही, तेवढी मिनिटं कापता येतात, साउंड सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसाला ते अवघड नाही. 'पप्पा, माझ्या लग्नाबद्दलचं तेवढं काढून टाका' एवढंच म्हण. ते म्हणतील मम्मीला विचारतो. म्हणू देत. विचारणं त्यांनी करावं हेच तर हवंय, आठ महिने तू एकटीच बोलते आहेस.

मम्मीशी सोमवारी बोल. रविवारची उपासना झालेली असते, शुक्रवार लांब असतो. जेवणं झाल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सभेहून आलेल्या वक्त्याशी त्या रात्री काहीही बोलू नये, तो अजून माइकवरच असतो. आत्यामुळे मला हे माहीत आहे.

शब्द मागितले नाहीस, तरी देते. तुझ्या बोलीत बसव. 'मम्मी, मी लहान असताना दवाखान्यात माझ्या उशाशी तू बसली होतीस. ती साक्ष तुझी आहे, ती सांग, मला कधीच अडचण नव्हती. माझं लग्न माझं आहे. ते मंडळीत काढू नकोस, प्रार्थनाविनंतीतही नको. डिसेंबरात मी त्या खुर्चीत बसणार नाही. कुणी विचारलं तर ती नाशिकला कामाला आहे म्हण, ते खोटं नाही.' एवढं बोलून थांब. ती रडेल, थोडी प्रार्थना करेल, वचनं काढेल. तुलाही मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं ते आठवेल, आतल्या खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर म्हणणारं. ते तिच्यावर फेकू नकोस. वचनांच्या सामन्यात तुझा निभाव लागणार नाही, ती ते रोज खेळते.

'म्हणजे मी माझ्या लेकीसाठी प्रार्थनाही करायची नाही का?' असं ती नक्की विचारेल. कर म्हण. माझं नाव घेऊन, घरात, पप्पांबरोबर. चाललं तर मीही बसते.

शेवटचं वाक्य खरंच वाटत असेल तरच म्हण.

सभांना अजिबात फिरकायचं नाही असं माझं म्हणणं नाही. तुझी इच्छा असेल तर एक दिवस जा आणि मंडपात बीपी-शुगर तपासायचं टेबल मांड. हजारो माणसं दिवसभर उन्हात बसणार, कामाची गोष्ट आहे, आणि तिथे तू मुलगी किंवा बायको म्हणून न बसता तुझं काम करत बसशील. मनोरमेच्या ब्रेलसारखं. इच्छा नसेल तर तेही नको, नाशिकलाच राहा. नोकरी मात्र घेच, आणि जमलं तर नोव्हेंबरातच रुजू हो. डिसेंबरच्या सभांच्या आदल्या दिवशी बॅग भरलीस तर ते पळून जाणं दिसेल आणि त्याचंही आख्यान होईल.

फोन करणाऱ्या मावश्यांना एकच उत्तर, रोज तेच, गोड आवाजात: 'मावशी, प्रार्थनेत ठेवा, बोलायला मात्र नको.' खुलासा करू नकोस. एकीला केलास की तो तीनशे जणींना केल्यासारखा. आणि उलट बाजूनं स्वतःचा व्हिडिओ, स्टेटस, काही टाकू नकोस, कितीही संताप आला तरी.

एक व्यवहाराचं. परत नांदायचं की वेगळं व्हायचं हे तू ठरवलेलं नाहीस, आणि मी ठरवून देणार नाही. पण ठरवायच्या आधी एका वकीलबाईला भेट. ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा, २००१ च्या दुरुस्तीनं त्यात परस्पर संमतीची वाट आली, वेगळं राहण्याच्या मुदतीची अट आहे. ती तुला कशी लागू होते ते त्या सांगतील. सासर-माहेर दोन्हीकडे माइक आहेत हे त्यांच्या कानावर घाल. उद्या प्रकरण कुठे गेलंच तर लाइव्हमध्ये बोललेलं प्रत्येक वाक्य कुणीतरी कागदावर उतरवून आणेल. पप्पांना हा मुद्दा सांगितलास तर ते कापाकापी त्याच रात्री करतील, बँकेतला माणूस आहे.

आणि सेवा मोडेल का? १८९३ मध्ये रमाबाईंच्या हातून मुली गेल्या, रानडे गेले, भांडारकर गेले. पाच वर्षांनी केडगावला मुक्ती उभी होती. एका रिकाम्या खुर्चीनं तुझ्या मम्मीचं मैदान ओस पडणार नाही. कदाचित पहिल्या रांगेत एखादी गुडघेदुखीची म्हातारी बसेल, तिची सोय होईल.

सोमवारी काय झालं ते कळव. पत्राच्या शेवटी त्या शुक्रवारच्या व्हिडिओची लिंक दिली आहेस, 'म्हणजे तुम्हाला कळेल' असं लिहून. मी ती उघडलेली नाही. खोडून टाकली आहे.